भिंत कुणाला अडवते?

जुन्या बंधाऱ्यांवर माशांना वर जायला वाट करून द्या, अशी मागणी कुणी केली की पूर्वी एकच उत्तर मिळे : इथे माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला माशांचे पडले आहे. त्या उत्तरात निदान सरळपणा होता. हल्लीचे उत्तर पर्यावरणाच्या भाषेत येते. वाट मोकळी केलीत तर खालची चिलापी आणि मांगूर वर चढतील; आज भिंत आहे म्हणूनच वरची नदी शाबूत आहे; तेव्हा देशी माशांचे भले चिंतत असाल तर भिंतीला हात लावू नका. हे उत्तर खात्यांना सोयीचे, कारण काहीच करावे लागत नाही. निसर्गप्रेमींनाही ते पटते, कारण त्यात परक्या प्रजातींची काळजी दिसते. दारणा नदीपुरते बोलायचे तर हे उत्तर साफ उलटे आहे. ते कसे, हे पाहायला देवळाली कॅम्पपासून सुरुवात करावी लागते.

देवळाली कॅम्प म्हटले की बाहेरच्या माणसाला तोफखान्याची शाळा आठवते, जुनी आरोग्यधामे आठवतात. मत्स्यशास्त्रज्ञाला मात्र एक मासा आठवतो. १९३७-३८ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात देवळालीच्या माशांवर लेखमाला आली. १९३८ च्या लेखात सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा यांनी इथल्या दारणेतले दोन मासे विज्ञानाला नवे म्हणून नोंदवले. एकाला मासे जमवणाऱ्या फ्रेझरचे नाव दिले, दुसऱ्याला सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांचे. (हेच प्रेटर पुढे अँग्लो-इंडियनांचे प्रतिनिधी म्हणून घटना समितीत बसले.) या दुसऱ्याचे शास्त्रीय नाव पॅराप्सिलोरिंकस प्रेटेरी, आणि जगभरच्या याद्यांत तो ओळखला जातो ‘देवळाली मिन्नो’ म्हणून. बोटाएवढा, तळातल्या दगडांना धरून राहणारा, खळाळत्या पाण्यातला मासा. लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ झाले, तेव्हा त्या नोंदीत ज्या अतिसंकटग्रस्त जीवांची नावे आली त्यांत दोन गिधाडे होती आणि हा देवळालीचा मासा. त्याच नोंदीत धोके म्हणून पानवेली, पाण्याचे नियमन आणि पाण्याचा उपसा यांची नावे आहेत. देवळाली-भगूरच्या किती शाळांत हा मासा शिकवला जातो, हा प्रश्न इथे सोडून देतो.

आता प्रतिपक्षाचा मुद्दा त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडू, कारण मुळात तो खुळा नाही. अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या महासरोवरांत समुद्री लॅम्प्रे नावाचा रक्तशोषक जीव वेलँड कालव्याच्या वाटेने आत शिरला आणि तिथली मासेमारी त्याने बसवली. १९५४ च्या करारातून दोन देशांचा आयोग उभा राहिला. लॅम्प्रेच्या अळ्या मारणारे रसायन आले, आणि अंडी घालायला तो ज्या उपनद्यांत चढतो तिथे जुनी धरणे मुद्दाम राखली गेली. मिशिगनमधल्या बोर्डमन नदीवर २०१२ ते २०१८ या काळात तीन धरणे पाडली, पण मुखाजवळचे चौथे नुसते पाडून टाकले नाही. तिथे नको ते मासे गाळून हवे ते वर सोडणारी रचना करायचे ठरले. दक्षिण आफ्रिकेतल्या रोंडेगॅट नदीत २०१२ साली विषप्रयोग करून परदेशी बास मासा काढून टाकला, तो पुन्हा वर चढू नये म्हणून तिथे खालचा बंधारा उपयोगी पडला. तेव्हा भिंत राखणदार होऊ शकते, हे मान्य.

पण ही उदाहरणे नीट वाचावीत. दोन्हीकडे घुसखोर खाली आहे आणि वरचे पाणी स्वच्छ आहे किंवा स्वच्छ करून घेतले आहे. वरच्या पाण्यात घुसखोर आणून सोडणारे कुणी नाही. या अटी पुऱ्या होत असतील तर भिंतीचे समर्थन करा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. दारणेवर यातली एकही अट पुरी होत नाही.

इगतपुरी तालुक्यात नांदगाव बुद्रुकजवळचे दारणा धरण १९१६ चे. त्याच्या वरच्या अंगाला आज भावली, भाम, वाकी अशी धरणे आहेत. म्हणजे घाटमाथ्याखालच्या मूळ ओढ्यांच्या जाळ्यात संथ पाण्याची तळी लागून आहेत, आणि चिलापीला, सायप्रिनसला (म्हणजे परदेशी कार्पला) हवे असते ते हेच संथ पाणी. १९५२ साली भारतात आणलेली मोझांबिकची चिलापी मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते. तिला वाहत्या नदीची गरज नाही, पुराची वाट पाहायची गरज नाही, उथळ काठावर वर्षातून अनेकदा तिचा संसार मांडला जातो. भिगवणच्या मासळी बाजारात जाऊन उजनीची पकड बघा, म्हणजे एका जलाशयाचे ती काय करते ते कळेल. ही चिलापी कुठल्याही धरणाची भिंत चढून वर गेलेली नाही. तिला माणसाने डब्यातून, टाकीतून, पिशवीतून नेले. जलाशय ठेक्याने द्यायचा आणि ठेकेदार संस्थेने त्यात मत्स्यबीज सोडायचे, ही आपल्याकडची रीत. मत्स्यजिऱ्यात आणि बोटुकलीत काय काय मिसळून येते, हे मोजत कोण बसते?

मांगुराचे वेगळेच. आफ्रिकन मांगुरावर केंद्राने २००० सालीच बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात तळी नष्ट करण्याच्या मोहिमा निघाल्या. तरी शेततळ्यांतून तो पाळला जातो, आणि पावसात तळे फुटले की नदीत येतो. हा मासा हवेतला श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटतो. त्याला अडवायला बंधारा पुरेसा आहे असे मानणाऱ्याने मांगूर जिवंत पाहिलेला नसावा. गप्पीचे तर विचारूच नका. दक्षिण अमेरिकेतला हा मासा डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खाते दर पावसाळ्यात स्वतः वाटते, डबक्यात सोडा म्हणते. डबके भरून वाहिले की गप्पी ओढ्यात. आणि पानवेल? ती वरून खाली वाहत येते, भिंतीपाशी थांबते आणि सांडपाण्याच्या खतावर तिथेच पसरते. तिला चढायचे नसतेच. तिला लागते ते तुंबलेले पाणी, आणि ते भिंत देते.

मग ही राखणदार भिंत नक्की कुणाला अडवते? चोर माळ्यावर बसलेला असताना दिंडी दरवाजाला अडसर घालण्यातले हे शहाणपण आहे. अडसराबाहेर राहिले ते घरचे लोक.

घरचे म्हणजे कोण, हे पहिल्या पावसात नदीकाठी उभे राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. मृगाच्या सरी झाल्या, गढूळ पाणी आले, की मासे प्रवाहाच्या उलट निघतात. हे चढणीचे मासे. कोकणात वलगण म्हणतात तोच प्रकार. पोटात अंडी असलेला मासा मोठी नदी सोडून ओढ्यात, ओढा सोडून भाताच्या खाचरापर्यंत जातो, कारण पिलांना तिथे उथळ, उबदार, खाद्याने भरलेले पाणी मिळते. बंधाऱ्यापाशी ही सगळी रांग थांबते. पायथ्याच्या फेसाळ पाण्यात मासे उड्या मारतात, आपटतात, आणि जाळी, टोपल्या, काठ्या घेऊन आलेली गर्दी त्यांना उचलून नेते. अंड्यांसकट. बंधाऱ्याने नुसती वाट अडवली असती तरी नुकसान कमी झाले असते. पण वर्षातल्या नेमक्या त्या आठ-दहा दिवसांत तो पूर्ण वाढलेल्या माद्या एका जागी गोळा करून देतो.

देवळाली मिन्नो लांबचा प्रवासी आहे असा दावा मी करत नाही. मग त्याला वाटेचे काय? इतकेच की एप्रिल-मेमध्ये नदीचा एखादा तुकडा आटतो, एखाद्या तुकड्यात नाल्याचे काळे पाणी उतरते, आणि तिथले मासे मरतात. नदी सलग असेल तर पुढच्या पावसात शेजारच्या ओढ्यातले चार मासे येऊन तो तुकडा पुन्हा वसवतात. मध्ये भिंत असेल तर मेलेला तुकडा मेलेलाच राहतो. दर काही वर्षांनी एक तुकडा, असे करत एखादी जात कुणाच्या लक्षात न येता संपते. तिला मारणारी एक अशी घटना सापडतच नाही. म्हणून तर चौकशीही होत नाही.

इथे एक हुशार हरकत घेतली जाते. धरण १९१६ चे आणि मासा नोंदवला १९३८ साली. म्हणजे धरण झाल्यावर वीस-बावीस वर्षे मासा देवळालीत नांदत होता. मग धरणाला दोष कसा देता? हरकत बिनतोड आहे, आणि मला ती हवीच होती. मोठे धरण एकटे या माशाला संपवू शकले नाही, कारण खालचा पट्टा आणि त्याला मिळणारे ओढे तेव्हा बऱ्यापैकी सलग होते. होरा-मिश्रांच्या लेखानंतर जे आले ते मोजा : पाणीपुरवठ्याचे आणि शेतीचे बंधारे, पंप, वालदेवीतून येणारे शहराचे सांडपाणी, वाळूउपसा, १९५२ नंतरची चिलापी. धरण हलवता येत नाही म्हणून हात वर करणाऱ्यांना हेच सांगायचे आहे. नुकसान ज्यांनी पुरे केले ते छोटे अडथळे आहेत, आणि छोटे अडथळे माणसाच्या आवाक्यातले आहेत.

आणि या गोष्टी नव्याने कळल्या असेही नाही. फ्रान्सिस डे यांनी १८७३ साली सरकारला दिलेल्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यव्यवसायावरच्या अहवालात बंधारे माशांची चढण कशी तोडतात हे लिहून ठेवले होते. गोदावरीच्या मुखाकडे धवळेश्वरम् येथे आर्थर कॉटनचा बंधारा १८५२ मध्येच पुरा झाला होता आणि समुद्रातून चढणाऱ्या पाला माशाची वाट अडली होती. दारणा धरण आणि नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधले गेले ते या अहवालानंतर तीस-चाळीस वर्षांनी. अज्ञानाचा आधार तेव्हाच्या इंजिनियरांना नव्हता. आजच्यांना तर नाहीच नाही.

माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडण आहे. दारणा धरणालाच ‘फिश लॅडर’ बांधा, असे म्हणणारे उत्साही भेटतात. त्यांनी अमेरिकेतल्या सॅमनच्या उड्यांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. आपला मासा सॅमन नव्हे. दगडाला चिकटून सरकणारा बोटभर मासा काँक्रीटच्या हौदांतून उड्या मारत पंचवीस-तीस मीटर चढणार नाही. चढलाच तर पोचणार कुठे? चिलापीने भरलेल्या खोल, संथ जलाशयात. मद्रास इलाख्याने कोलरूनवरच्या बंधाऱ्यात परदेशी धाटणीचे जिने बांधून पाहिले होते. पाला त्यांना विचारेना. धरणाच्या पायथ्याशी असे स्मारक उभारून कोनशिला बसवण्यापेक्षा तो पैसा खाली, चेहेडी ते दारणासांगवी या पट्ट्यातल्या आणि वरच्या अंगाला भगूर-देवळालीपर्यंतच्या ठेंगण्या बंधाऱ्यांवर खर्च व्हावा.

तिथे करायचे ते साधे आहे. बंधाऱ्याच्या एका कडेला खडबडीत मोठ्या दगडांचा लांब, मंद उतार रचायचा, पावसाळ्यात त्यावरून पातळ थर वाहत राहील असा. दगडांमधल्या सापटींत छोटा मासा दम घेत वर सरकतो. केटी वेअर, म्हणजे कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा, असेल तर पावसाळ्याआधी फळ्या काढायच्या, हा त्या बंधाऱ्याचा मूळ नियमच आहे. तो पाळला की निम्मी वाट फुकटात मिळते, मात्र फळ्यांखालचा उंबरा आणि त्यापुढे पाण्याने खणलेला खड्डा दगडांनी भरून काढावा लागेल. दुसरे, जूनचे पाणी. धरण भरेपर्यंत पहिला पूर वरच अडकतो, त्यामुळे देवळालीच्या माशाला चढणीची वर्दी मिळतच नाही. पहिल्या पावसात एक छोटा लोंढा मुद्दाम खाली सोडायला हवा. यावर लगेच पाण्याचा हिशेब पुढे येईल. पण दारणेचे पाणी शेवटी आवर्तनाने नदीतूनच नांदूर मध्यमेश्वरकडे आणि तिथून कालव्यांत जाते. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून जायकवाडीला सोडायचे ठरले तरी तेही याच पात्रातून जाते. नदीचा नळ म्हणून वापर आपण करतोच आहोत. त्यातला थोडासा हिस्सा चार महिने आधी सोडला तर तो खालच्या बंधाऱ्यात अडतो, कुठे हरवत नाही.

“आणि चिलापी?” असे पुन्हा विचारले जाईलच. उतार खुला झाला तर खालची काही चिलापी वर जाईल, हे खरे. म्हणून उताराच्या माथ्यावर पिंजरा ठेवा. ऑस्ट्रेलियात मरे नदीवर समुद्रापासून ह्यूम धरणापर्यंत माशांच्या वाटा बांधल्या, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न कार्प माशाचा होता. कार्प अडथळ्यावरून उडी मारतो आणि तिथले देशी मासे मारत नाहीत, एवढ्या निरीक्षणावर त्यांनी कार्प वेगळा करणारा पिंजरा बनवला. बोर्डमनवाले त्यासाठी प्रयोगशाळा उभी करत आहेत. आपल्याकडे तर त्याहून स्वस्त आणि अचूक यंत्र हजर आहे : भोई. टोपलीत आलेला मासा कुठला, हे त्याला पाहताक्षणी कळते. चढणीच्या दिवसांत बंधाऱ्यावर मासेमारी बंद ठेवा आणि त्याच लोकांना पिंजऱ्यावर रोजाने लावा. देशी मासा वर, चिलापी-मांगूर-सायप्रिनस बाजारात किंवा खड्ड्यात. ज्याची पकड बंद केली त्याच्या हातात मजुरी पडते, आणि कुठल्या तारखेला कुठली जात किती चढली याची नोंद आपोआप तयार होते.

पण पिंजरा हा शेवटचा उपाय. खरा नळ वरून बंद करावा लागेल, जलाशयाच्या ठेक्यात. कुठले बीज, कुठल्या केंद्रातून, कुणी तपासून सोडले, हे ठेक्याच्या अटीत असले पाहिजे. आणि नुसते ‘देशी’ म्हणून भागणार नाही. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातून देशभर वाटले गेलेले मासे. देवळालीच्या ओढ्याला तेही पाहुणेच. यातला सर्वांत कडू धडा तर महाराष्ट्रातूनच गेला आहे. लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात दख्खनी महाशीर मोठ्या कष्टाने वाढवला गेला. भल्या हेतूने त्याची पिले कावेरीतही सोडली गेली. तिथे तो पसरला आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर मागे हटत गेला. त्या कुबड्या महाशीराची शास्त्रीय ओळख २०१८ साली पक्की झाली, तोवर तो अतिसंकटग्रस्त झाला होता. आपल्या गावचा मासा दुसऱ्याच्या नदीत परकाच असतो. तेव्हा उद्या कुणी कंपनी सामाजिक जबाबदारीच्या निधीतून दारणेत महाशीराची लाखभर पिले सोडायला आली, फोटोग्राफर घेऊन, तर तिला नम्रपणे परत पाठवावे.

एक ठिकाण मात्र भिंतवाल्यांना देऊन टाकतो. इगतपुरी-कळसूबाईच्या रांगेतल्या ज्या ओढ्यांवर उंच नैसर्गिक धबधबे आहेत आणि ज्यांच्या माथ्यावर चिलापी, गप्पी यांतले काही पोचलेले नाही, तिथे कसलीही वाट करू नये. तिथले धबधबेच राखणदार आहेत. तिथे काळजी घ्यायची ती वरून डबा रिकामा करणाऱ्या माणसाची. देवळाली मिन्नोसारख्या माशांचा शेवटचा आसरा असलाच तर तो अशाच जागी असेल, आणि त्याचा शोध पावसाळ्याआधी, पाणी उथळ असताना, होरा-मिश्रांनी नमुने नोंदवले त्या पट्ट्यापासून वर चालत जाऊन घ्यायला हवा. ते काम प्राणी सर्वेक्षण संस्थेचे आणि नाशिकच्या महाविद्यालयांचे आहे. त्यासाठी कुठल्याही धरणाला हात लावावा लागत नाही.

देवळाली, भगूर आणि चेहेडीच्या वाचकांना एकच सांगणे. येत्या मे महिन्यात आपल्या जवळच्या केटी वेअरच्या फळ्या निघाल्या का, हे जाऊन पाहा आणि निघाल्या नसतील तर पाटबंधारे शाखेला लेखी विचारा. दारणेच्या किंवा तिच्या वरच्या कुठल्याही जलाशयाचा मासेमारी ठेका निघेल, तेव्हा सोडल्या जाणाऱ्या बीजाची यादी मागा, आणि त्या यादीत सायप्रिनस किंवा चिलापी दिसली तर मुदतीत हरकत नोंदवा.